इस्त्रीवरचं बोट

इंदापूर तालुक्यात चालले म्हटल्यावर आमच्या भिशीतल्या बायकांनी तोंडं वाकडी केली. तिथे पाहायला काय आहे, थंडीचं कशाला कडमडायला जातेस, असा एकूण सूर. मी म्हटलं, निवडणूक पाहायला जाते. त्या हसल्या. हसोत बापड्या. महाबळेश्वरला जाऊन आलेल्यांनी मला आजवर स्ट्रॉबेरीखेरीज काही सांगितलेलं नाही. मी जे पाहून आले ते सांगायला मला हे एवढे कागद लागताहेत.

रेवती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. शेतकी कॉलेजात असताना एका ऊसवाल्या पोराच्या प्रेमात पडली आणि आमचा कापसाचा मुलूख सोडून उसात नांदायला गेली. लासुर्णे आणि शेळगावच्या पट्ट्यात तिचं गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, मला तिथे पुन्हा जायचंय. तर ही रेवती गावाची सरपंच व्हायला उभी राहिली होती. मी जन्मभर अमरावतीच्या शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून तिने फोन केला की मावशी, ये, तुझा हात आणि डोळा दोन्ही लागणार आहेत. अशा बोलावण्याला कोण नाही म्हणतं?

बारामती

बारामतीच्या एसटी स्टँडवर ती मला घ्यायला आली ती थेट छापखान्यात घेऊन गेली. पत्रकं छापायची होती. चेहरा मात्र असा, की घरात कोणी आजारी आहे. मी विचारलं, अगं झालं काय? तिने चिन्हांचा कागद पुढे केला. तिच्या नावासमोर इस्त्री होती.

मला काही कळेना. इस्त्री काय वाईट? सुबक आकार आहे, लहानशा चौकोनात ठळक उठतो. वायर जरा लांब काढली आहे, पण ते चालतं. तेव्हा छापखान्याच्या बाकावर बसून तिने मला सगळं सांगितलं, आणि मग मीही कपाळाला हात लावला.

झालं होतं असं. काही महिन्यांपूर्वी इथल्या एका सहकारी साखर कारखान्याची निवडणूक झाली. ज्यांचे कारखान्यात शेअर आहेत ते सभासद, आणि मत फक्त सभासदाला. पण मत एक नाही. गटागटाच्या वेगळ्या मतपत्रिका, त्यांचा हातात गठ्ठाच मिळतो. पॅनेलच्या सगळ्या उमेदवारांना एकच चिन्ह. माणूस नावं वाचत बसत नाही, चिन्ह शोधतो आणि गठ्ठाभर दणादण शिक्के मारत सुटतो. त्या वेळी इस्त्री हे गावातल्या भाऊसाहेबांच्या पॅनेलचं चिन्ह होतं, आणि रेवती त्यांच्या विरुद्ध बाजूने घरोघर फिरली होती. फिरताना तिनेच एक नक्कल शोधून काढली. बोट पुढे न्यायचं, "स्स" करून झटकन मागे ओढायचं आणि म्हणायचं, इस्त्रीला हात लावू नका, चटका बसेल. गावाला ती इतकी आवडली की पोरं शाळेत तोच खेळ खेळायला लागली.

पुढे भाऊसाहेबांचं पॅनेल पडलं. आता सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं, तेव्हा त्यांनी बायकोला, मंगलताईंना, उभं केलं. पडलेलं चिन्ह पुन्हा नको म्हणून छत्री मागून घेतली. रेवतीने मागितलेली तिन्ही चिन्हं चिठ्ठ्या टाकल्यावर इतर उमेदवारांकडे गेली आणि कोणालाच नको असलेली इस्त्री हिच्या पदरात पडली. गावातल्या अर्ध्या माणसांना तिने स्वतः इस्त्रीला घाबरायला शिकवलं होतं. उरलेली अर्धी इस्त्रीवाली होती, पण ती तिची नव्हती.

"मावशी, ह्या वेळी पडले तर संपलं," ती म्हणाली. "घरच्यांनी सांगून ठेवलंय, हे शेवटचं."

मागे ती साध्या सदस्यपदाला उभी राहून थोडक्यात पडली होती. तिला हवंय तेही जगावेगळं नाही. नळाचं पाणी गावठाणापर्यंत येऊन थांबलंय. पलीकडच्या वस्त्यांवरच्या बायका अजून शेतातल्या बोअरवरून हंडे वाहतात. ती पाइपलाइन पुढे न्यायची एवढंच तिचं म्हणणं. तेवढ्यासाठी हा सगळा आटापिटा.

मी तिला तिथेच सांगितलं की रडू नकोस, ही लढाई चित्राची आहे आणि चित्रातलं मला कळतं. छापखानेवाल्याने पत्रकावर वाफा सोडणारी रंगीत इस्त्री टाकली होती, टोक डावीकडे. मतदान यंत्रावरच्या चित्रात टोक उजवीकडे आणि वाफ नाही. मी ती काढून यंत्रावरच्यासारखी टाकायला लावली. तो म्हणाला, बाई, लोकांना एवढं कळत नाही. मी म्हटलं, डोक्याला कळत नसेल, डोळ्याला कळतं. वर्गात मी फळ्यावर उलट्या तोंडाचा बैल काढला तर पोरं क्षणभर अडखळतात आणि मग बैल म्हणतात. मत देताना ते अडखळणं आपल्याला परवडायचं नाही.

गावात

वाटेत उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन दोन, वर गाणी लावलेली, आणि मागे आम्ही गोगलगाईसारखे. आमच्याकडे कापसाच्या गाड्यांमागे धूळ तरी असते, इथे रस्ताभर उसाची चिपाडं आणि गोडसर आंबूस वास. घरी पोचल्यावर रेवतीच्या सासूबाईंनी हुलग्याची शेंगोळी वाढली. लसणाचा ठसका असा की डोळ्यांतून पाणी आलं. आमच्या वऱ्हाडात पाहुण्याला पोट फुटेस्तो आग्रह करतात, इथे एकदाच विचारतात आणि तुम्ही नको म्हणालात तर खरंच वाढत नाहीत. पहिल्या दिवशी मी सवयीने नको म्हटलं आणि अर्धपोटी उठले. दुसऱ्या दिवसापासून लाज सोडली.

सासूबाईंना रेवती आत्या म्हणते, मीही आत्याच म्हणू लागले. बाई मोठी गमतीची. सुनेवर जीव, पण बोलण्यात दाखवायचा नाही. त्या स्वतः कारखान्याच्या सभासद, सासऱ्यांचे शेअर त्यांच्या नावावर आलेले. मागच्या निवडणुकीत सुनेची ती चटक्याची नक्कल त्यांनी गल्लीभर करून दाखवली होती.

रेवतीचा नवरा संतोष प्रचाराचं बघत होता. कमी बोलणारा, हिशेबी पोरगा. त्याने गावाची सरळ दोन भागांत वाटणी केली. आपली माणसं इस्त्रीला बिचकतात, त्यांची भीती काढायची. भाऊसाहेबांची माणसं, त्यातून म्हातारी, इस्त्रीवर शिक्का मारून मारून तयार झालेली आहेत. त्यांच्या वस्तीकडे फिरकायचंच नाही. चिन्ह बदललंय हे त्यांना त्यांच्या लोकांनी सांगितलं तर सांगितलं, नाही सांगितलं तर ती माणसं आपोआप इस्त्री दाबतील. बसल्या जागी मतं.

मला हा बेत फार आवडला. हात डोक्यापेक्षा उशिरा शिकतो आणि उशिरा विसरतो, हे मी जन्मभर पाहिलंय. डावखुऱ्या पोराला आईबापांनी बळंच उजव्याने लिहायला लावलं तरी घाईत खडू डाव्याच हातात येतो. मतदानाच्या खोलीत माणूस एकटा असतो, थोडा घाबरलेला असतो, मागे रांग असते. तिथे विचार कमी आणि हात जास्त चालतो. मी संतोषला शाबासकी दिली. रेवती पत्रकांच्या घड्या घालत राहिली.

भीती काढायचं काम मी अंगावर घेतलं. एक जुनी, वायर तुटलेली इस्त्री पिशवीत घातली आणि रोज सकाळी रेवतीबरोबर घरोघर निघाले. म्हाताऱ्या बायकांपुढे ती ठेवायची आणि सांगायचं, हात लावा, गार आहे. लोक हसायचे, पण हात लावायचे. एक आजी काही केल्या लावेना. शेवटी तिच्या नातवाने तिचा तळवा धरून इस्त्रीवर टेकवला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते. तिथे मला पहिल्यांदा जरा धास्ती वाटली. पण मी काही माघार घेणारी नाही. संध्याकाळी घरी आल्यावर आत्यांनाही रोज इस्त्री पुढे करायची. त्या हसत हसत थोपटायच्या, म्हैस थोपटावी तशी.

गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती आहे. तिथे बारामतीला बँकेत नोकरी करणारी एक तरुण बाई भेटली. मी पिशवीतून इस्त्री काढायला लागले तर तिने हात करून थांबवलं. ती म्हणाली, "आमच्याकडे कोणी कारखान्याचं सभासद नाही, त्यामुळे आम्हाला ती ना प्यारी ना दुष्मन. आमच्यासाठी इस्त्री म्हणजे इस्त्री. पाइपलाइन कधी करणार ते बोला." मग तिने रेवतीला बसवून घेतलं आणि पाण्याच्या टाकीची उंची, दाब, कोणाच्या बांधावरून पाइप जाणार, सगळं विचारलं. माझी इस्त्री पिशवीतच राहिली. रेवतीचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा मोकळा दिसला.

परतीची वाट भाऊसाहेबांच्या वस्तीवरून जाते. संतोषने बजावलं होतं, तिथे थांबायचं नाही. आम्ही निमूट चाललो होतो, तर एका ओट्यावरून हाक आली. शंकरतात्या. मोठे बागायतदार, जुने सभासद, भाऊसाहेबांच्या बाजूचे आणि तोंडाचे फटकळ. महिनाभर लेकाकडे पुण्याला राहून ते आदल्याच दिवशी परतले होते. चहा घेतल्याशिवाय जायचं न्हाय म्हणाले, तेव्हा बसावंच लागलं.

चहा झाला. ऊसतोड अजून आली नाही यावर तात्यांनी कारखान्याला यथेच्छ शिव्या घातल्या. मग सहज विचारल्यासारखं ते रेवतीला म्हणाले, "तू उभी हाईस म्हनं. उभी ऱ्हा. आमचं मत भाऊसाहेबाकडं. आमची इस्त्रीच ना गं ह्या खेपेला बी?"

मी रेवतीकडे पाहिलं. तिने फक्त चहाचा कप खाली ठेवायचा होता. खोटं बोलायचीही गरज नव्हती. हसून "चलते तात्या" म्हटलं असतं तरी काम झालं होतं. त्यांच्या माणसांनी त्यांना सांगितलं नव्हतं यात आपला काय दोष? हे घर आपलंच आहे असं गृहीत धरून भाऊसाहेबांचं कोणी इकडे आलंच नव्हतं.

"न्हाय तात्या," रेवती म्हणाली. ती घरात माझ्याशी शुद्ध बोलते, तिथे तिथल्यासारखं बोलते. "तुमच्या माणसांची छत्री हाय. इस्त्री माझी हाय."

तात्या बरं म्हणाले आणि गोठ्याकडे निघून गेले.

रस्त्याला लागल्याबरोबर मी सुरू झाले. खुळी आहेस का तू? हातात आलेलं मत टाकून दिलंस. एक तात्या म्हणजे त्यांच्या घरातली सगळी मतं. वस्त्यांवरच्या बायकांना पाणी द्यायचंय ना तुला, की पुण्य कमवायचंय? मी बरंच बोलले. माझा आवाज मुळात शाळेचा, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या उसाला ऐकू गेला असणार. रेवतीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली की त्यांनी तोंडावर विचारलं, मावशी, मला नाही जमलं. रात्री जेवताना मी संतोषला हे सांगितलं नाही. मी रागावले होते, पण चहाडखोर नाही.

मतदान

शाळेच्या दोन खोल्यांत मतदान होतं. बायकांची रांग सकाळी उन्हात, पुरुषांची वडाखाली. आमच्याकडे मतदानाला बायका नवी साडी नेसतात, इथे दुधाची धार काढून शेणाच्या हातावर पाणी घेऊन तशाच येतात. दोन्हीकडचे पोलीस मात्र सारखेच जांभया देतात. मी गावची नव्हे, म्हणून फाटकाबाहेर दूर बसून लोकांच्या चेहऱ्यांवरून अंदाज करत होते. माझा अंदाज होता की आपण आरामात येतो. संतोषलाही मी तसंच सांगितलं.

दुपारी आत्या मत देऊन आल्या आणि न जेवता माजघरात जाऊन बसल्या. रेवती ताट घेऊन गेली. मीही मागून गेले. आत्यांनी ताट बाजूला सारलं.

"बोट नेलं बग इस्त्रीवर," त्या म्हणाल्या, "आन् भाजल्यागत झालं. मागंच आलं. मागं बाया खोळंबल्या व्हत्या. मग खालचं दाबलं."

खालचं म्हणजे कुठलं, ते विचारायची मला हिंमत झाली नाही. रेवतीने विचारलं. आत्या म्हणाल्या, छत्री.

रोज संध्याकाळी ती गार इस्त्री थोपटणारी ही बाई. सुनेसाठी उपास धरणारी. मी इतके दिवस ज्या उपायाच्या गमजा मारत होते तो माझ्याच समोर, ह्याच घरात, फसला होता. आत्या हुंदके देत होत्या. रेवती त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मीच शिकवलं होतं, आत्या. नीट शिकवलं होतं." मग दोघी एकदमच हसायला लागल्या, रडता रडता. मला मात्र हसू येईना. आत्यांचं हे झालं, तर ज्या आजीने डोळे मिटून घेतले होते तिचं काय झालं असेल? आणि तिच्यासारख्या बाकीच्यांचं?

इंदापूर

मोजणी इंदापूरला होती. आत फक्त उमेदवार आणि त्यांची माणसं, बाहेर जत्रा. गावोगावचे लोक, गुलालाची पोती, वडापावच्या गाड्या. ज्याची गुलालाची पोती फुटत नाहीत तो हळूच ती गाडीत टाकून निघून जातो, हे मी दोनतीनदा पाहिलं. आमचं गाव पुकारायला वेळ होता म्हणून संतोषच्या एका मित्राने मला तेवढ्यात उजनी धरणातली चिलापी मासळी खायला नेलं. पाणकाठच्या टपरीवर, तिखट मीठ लावून तव्यावर कुरकुरीत केलेली. मी दोन खाल्ल्या. नदीतला मासा खाऊन वाढलेल्या बाईला हे धरणातलं प्रकरण जरा बेताचंच वाटेल असं मी धरून चालले होते, पण तसं म्हणायला मला तोंड राहिलं नाही.

परत आलो तर रेवती दाराबाहेर उभी होती, डोक्यावर गुलाल. आली होती. थोडक्यात, अगदी निसटती, पण आली होती. मी तिला घट्ट धरलं. माझी साडी लाल झाली, ती मी धुतलेली नाही.

पण गावात शिरेपर्यंत बातमी वेगळी होऊन बसली होती. भाऊसाहेबांच्या लोकांनी एकच धरलं, आमच्या म्हाताऱ्यांनी सवयीने इस्त्री दाबली, ही चुकून निवडून आली. चुकून झालेली सरपंच. ते शब्द एवढे सोयीचे होते की आमच्या बाजूचेही काही जण ऐकून हसले. मिरवणूक आटोपून घरी आल्यावर रेवतीने मला विचारलं, "मावशी, ते खरं असेल तर? बोटांनी निवडलं, माणसांनी नाहीच." मीच तर सगळ्यांना सांगत होते की हात आधी चालतो. आणि ज्या बाईला लोक चुकून आलेली म्हणतात, तिने उद्या कोणाच्या बांधावरून पाइप न्यायचा म्हटलं, तर बांधाचा मालक तिला उभी करेल का?

दूध डेअरीपाशी

सकाळी गावातले सगळे पक्ष एका ठिकाणी भेटतात, ते दूध घालायला. रेवती नेहमीसारखी कॅन घेऊन गेली, मी सोबत. रांगेत भाऊसाहेबांचा पुतण्या होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला की आमच्या म्हाताऱ्यांचे उपकार मानले पाहिजेत कोणीतरी. लोक हसले. रेवतीने मान खाली घातली आणि कॅनचं झाकण लावत राहिली.

शंकरतात्या रांगेत मागे होते. त्यांनी कॅन खाली ठेवला.

"ही माज्या वट्यावर बसली व्हती," ते म्हणाले. "मी इचारलं आमची इस्त्री ना, तर मला तोंडावर सांगून गेली, तुमची छत्री हाय म्हणून. तुमच्यातलं कुनी आलं न्हाय सांगाया. मी इस्त्री दाबली."

पुतण्या हसून म्हणाला, "तेच म्हनतोय तात्या. सवयीनं दाबली तुमी."

"सवयीनं दाबली असती तरी इस्त्रीच दाबली असती," तात्या म्हणाले, "आन् समजून दाबली तरी बी इस्त्रीच. मशीनला दोन्ही सारखंच. मला न्हाय."

तात्यांनी कॅन उचलला आणि रांग मोडून पुढे येऊन रेवतीपाशी उभे राहिले.

"सरपंच," ते म्हणाले, "आमच्या वस्तीवर पाइप कवा टाकताय? माज्या बांधावरनं न्यायचा असंल तर न्या."

गावात तिला त्या नावानं हाक मारणारा तो पहिला माणूस होता.